लोगोवर अडकलेला फोन

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने २५ तारखेपासून ३१ मेपर्यंत जमावबंदीचं कलम १४४ लावलं. दंगलीची भीती नव्हती, उन्हाची होती. त्याच्या दहाच दिवस आधी, १५ मे रोजी, गूगलने अँड्रॉइड १५ ची दुसरी बीटा आवृत्ती खुली केली होती. ती गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांपुरती नव्हती. वनप्लस, शाओमी, विवो, रिअलमी, नथिंग यांच्या काही निवडक मॉडेलांनाही मिळणार होती. अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर दिसतात त्याच या कंपन्या. त्या आठवड्यात अकोल्यात ज्याने ती बीटा टाकली असेल, त्याचा फोन तापला असणार यात शंका नाही. प्रश्न एवढाच की तो नव्या सॉफ्टवेअरने तापला की वैशाखाने, हे त्याने ठरवायचं कसं? बीटा वापरण्यातली सगळी खुबी आणि सगळी फजिती या एका प्रश्नात सापडते.

ऑपरेटिंग सिस्टीम तयार झाली की कंपनीचे अभियंते ती आधी आपल्याच घरात वापरून पाहतात. पण कार्यालयातले फोन ठरावीक, वायफाय चांगलं, वीज चोवीस तास, खोली थंड. बाहेरच्या जगात हजारो प्रकारचे हँडसेट, निरनिराळ्या बँकांची अ‍ॅप, जुन्या मेमरी कार्डांवरचे कचऱ्यासारखे साठलेले व्हिडिओ आणि दोन सिम कार्डं. या सगळ्याचे मेळ कंपनीला कधीच एका छताखाली तपासता येत नाहीत. म्हणून पक्की आवृत्ती देण्याआधी ती काही महिने हौशी लोकांच्या हाती सोपवतात. ही बीटा. तिच्यात चुका आहेत हे कंपनी आधीच सांगते; कुठे आहेत ते तुम्ही सांगायचं.

एके काळी या कामाचे पैसे उलट आपल्यालाच मोजावे लागत. अ‍ॅपलने १३ सप्टेंबर २००० रोजी मॅक ओएस एक्सची सार्वजनिक बीटा आणली तेव्हा तिची किंमत २९.९५ डॉलर होती, आणि १५ मे २००१ नंतर ती चालायचीच बंद झाली. लोकांनी ती तरीही घेतली. पुढे गणित बदललं. २०१४ पासून मॅकची आणि २०१५ पासून आयफोनची सार्वजनिक बीटा फुकट मिळू लागली. डेव्हलपरांसाठीच्या, म्हणजे आणखी कच्च्या बीटासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागत. जून २०२३ पासून तीही कोणत्याही अ‍ॅपल खातेदाराला मोकळी झाली. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या शरदात विंडोज १० सोबत इन्सायडर कार्यक्रम काढला. अँड्रॉइडचा बीटा कार्यक्रम २०१६ चा. दहा वर्षांत बीटा ही तज्ज्ञांची चीज राहिली नाही. सेटिंगमध्ये एक खूण केली की झालं. माझ्या मते त्यामुळे तपासणारे वाढले त्याहून जास्त मिरवणारे वाढले, पण त्याबद्दल पुढे.

वऱ्हाडात बीटा टाकण्याची पहिली अडचण तांत्रिक नसते, डेटा पॅकची असते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चालणाऱ्या माणसाला दोन-अडीच जीबीची अँड्रॉइड बीटा एका दिवसात उतरवताच येत नाही. आयफोनची तर त्याहून कितीतरी मोठी असते. मग मित्राच्या घरचं वायफाय, हॉस्टेलचं वायफाय, नाहीतर रात्री बारा वाजता नवा कोटा चालू होण्याची वाट. पुढच्या आठवड्यांत येणारे बीटाचे लहान अपडेट फक्त बदललेला भाग पाठवतात, ते परवडतात. पहिलाच घास मोठा असतो. घरचा डेस्कटॉप असेल आणि त्याला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल, तर विंडोजची बीटा टाकताना मध्येच लाइन गेली की जीव टांगणीला. विंडोज बहुतेक वेळा सावरून जुन्या आवृत्तीवर परत येतं, कारण ते जुनी फाइल-रचना दहा दिवस बाजूला जपून ठेवतं. पण ‘बहुतेक वेळा’ हे शब्द ज्याच्या प्रोजेक्टची एकमेव प्रत त्या हार्ड डिस्कवर आहे त्याला पुरेसे नाहीत.

समजा, सगळं सुरळीत पार पडलं. फोन नव्या रूपात उघडला. आता पहिले दोन दिवस तो गरम होतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. इथेच लोक घाबरतात आणि पहिली तक्रार ठोकून देतात. खरं तर त्या दोन दिवसांत फोन पडद्यामागे बरंच काम उरकत असतो: प्रत्येक अ‍ॅप नव्या सिस्टीमसाठी पुन्हा जुळवून घेतो, गॅलरीतले हजारो फोटो चेहऱ्यांनुसार नव्याने लावतो, शोधासाठी सूची बनवतो. पक्की आवृत्ती टाकली तरी हे होतंच. त्यामुळे तापण्याबद्दल किंवा बॅटरीबद्दल तीन-चार दिवस काही बोलूच नये, असा जाणकारांचा दंडक आहे.

त्यात आपलं ऊन. अ‍ॅपल आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान शून्य ते ३५ अंश असावं असं सांगतं. मे महिन्यात अकोल्यात ३५ अंश हे सकाळी दहालाच मागे पडलेले असतात. फोन जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो, पडद्याचा उजेड मंदावतो, चार्जिंग थांबवतो. बीटामधल्या चुकीमुळेही नेमकी हीच लक्षणं दिसतात. दुपारी स्कूटीच्या डिकीत ठेवलेला फोन बाहेर काढून ‘नव्या आवृत्तीत चार्जिंग होत नाही’ असं कळवलं, तर कंपनीच्या अभियंत्याला त्यातून काही हाती लागत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कापूस-सोयाबीनचे नवे वाण तपासण्याची एक साधी रीत आहे, आणि ती बीटा वापरणाऱ्याने उचलावी अशी आहे. नव्या वाणाच्या शेजारच्या वाफ्यात नेहमीचा, ओळखीचा वाण लावतात. तीच माती, तोच पाऊस, तीच कीड. नवा वाण बरा की वाईट हे शेजारच्या वाफ्याकडे बघून ठरतं. बीटा टाकणाऱ्याकडे असा शेजारचा वाफा बहुधा नसतोच. त्याच्याकडे फक्त ‘आधी असं होत नव्हतं’ ही आठवण असते, आणि आधी म्हणजे फेब्रुवारीत. मित्राकडे तोच फोन जुन्या आवृत्तीवर असेल तर दोन्ही एकाच टेबलावर, एकाच पंख्याखाली ठेवून रात्री पाहावं. तेही शक्य नसेल तर निदान तापलेल्या दुपारची निरीक्षणं बाद धरावीत. आणखी एक गोष्ट त्या विद्यापीठाच्या पद्धतीत अध्याहृत आहे, आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही कास्तकाराला ती सांगावी लागत नाही: न तपासलेलं बियाणं कोणी सगळ्या वावरात पेरत नाही.

फोनच्या बाबतीत मात्र सर्रास पेरतात. घरात एकच चांगला फोन, त्यावरच बीटा. मग एखाद्या सकाळी बँकेचं अ‍ॅप उघडेना. बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप सुरू होताना फोनची सिस्टीम मान्यताप्राप्त आहे का, कोणी तिच्यात हात घातला आहे का, हे तपासतात. कच्च्या आवृत्तीवर ही तपासणी कधी पास होते, कधी नाही. किराणा दुकानात क्यूआर कोडसमोर उभं राहून हे कळणं वाईट. शेतकऱ्याच्या घरात याहून मोठा पेच होतो. अ‍ॅपलचं वेळापत्रक जूनमध्ये घोषणा, जुलैत सार्वजनिक बीटा आणि सप्टेंबरात पक्की आवृत्ती असं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत खरिपाची ई-पीक पाहणी चालू असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने वावरात उभं राहून मोबाइल अ‍ॅपमध्ये पिकाची नोंद करायची असते. फोटो लागतो, जागेचं ठिकाण लागतं. बीटांमध्ये अधूनमधून बिघडणाऱ्या गोष्टींत कॅमेरा आणि जीपीएसही असतात. कॉलेजातल्या पोराने हौसेने बापाच्या फोनवर बीटा टाकावी आणि बाप बांधावर ताटकळावा, हे काही कल्पनेच्या पलीकडचं नाही.

मग परत जाऊ म्हटलं तर तिथेच खरी गोम. अँड्रॉइडने २०१६ च्या नूगा आवृत्तीपासून एक फार हुशार सोय आणली: फोनमध्ये सिस्टीमसाठी दोन जागा, अ आणि ब. तुम्ही अ वर काम करत असता, तेव्हा नवी आवृत्ती ब मध्ये भरली जाते. फोन बंद-चालू केला की तो ब वरून उठतो. उठताच आला नाही तर मुकाट्याने अ वर परततो. ज्या फोनांत ही सोय आहे ते अपडेटच्या वेळी फारसे दगावत नाहीत. पण जागा दोन असतात त्या सिस्टीमसाठी. तुमचे फोटो, मेसेज, अ‍ॅपमधला हिशेब यांची जागा एकच. नवी आवृत्ती एकदा नीट चालू झाली की ती या माहितीची मांडणी आपल्या पद्धतीने बदलते, आणि बदललेली मांडणी जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. शिवाय सुरक्षेसाठी बरेच फोन जुनी सिस्टीम मागल्या दाराने बसवू देत नाहीत. नाहीतर चोराने मुद्दाम जुनी, भोकं पडलेली आवृत्ती टाकून कुलूप फोडलं असतं. म्हणून पक्की आवृत्ती येण्याआधी बीटातून बाहेर पडायचं म्हणजे फोन पूर्ण पुसायचा. आयफोनवर आणखी एक पाचर आहे: बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही, त्यामुळे बॅकअप बीटा टाकण्याआधीच संगणकावर वेगळा काढून ठेवावा लागतो. अ‍ॅपल वॉचवर तर घरच्या घरी परतीचा रस्ता नाहीच.

आपल्याकडे याची जाणीव होते ती दुरुस्तीच्या दुकानात. अमरावतीत राजकमल चौकाच्या अवतीभवती असो की अकोल्यात गांधी रोडच्या बाजूला, मोबाइलवाल्याच्या काउंटरवर अधूनमधून एक फोन पडलेला असतो: कंपनीचं चिन्ह येतं, जातं, पुन्हा येतं. लोगोवर अटकला, म्हणतात. बहुतेक वेळा बीटा स्वतः दोषी नसते. कोणीतरी परदेशी मॉडेलची फाइल टाकलेली असते, पंधरा टक्के बॅटरीवर सुरुवात केलेली असते, किंवा फाइल जात असताना केबल हलवलेली असते. दुकानदार यावर ‘सॉफ्टवेअर मारतो’, म्हणजे कंपनीची पूर्ण मूळ फाइल संगणकावरून नव्याने बसवतो. चांगला दुकानदार त्याआधी एक वाक्य बोलतो: “डाटा जाईन भाऊ, आताच सांगून ठेवतो. मंग मनू नका का सांगतलं नाई.” मोठ्या कंपन्यांच्या कित्येक पानी अटींमध्ये जे लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही, ते इतकंच.

आता तक्रारीकडे. बीटाचा सौदा असा की कंपनीने नवी आवृत्ती आधी द्यायची आणि तुम्ही त्रास सोसून त्रुटी कळवायची. पहिला अर्धा भाग सगळे घेतात. दुसरा मात्र कोणाला नको असतो. आणि कळवतात तेही असं: ‘अपडेटनंतर फोन लई गरम होतो, बॅटरी टिकत नाही, लवकर सुधारा.’ हे वाचून अभियंत्याने काय करावं? त्याला ती चूक स्वतःच्या टेबलावर घडवून आणता आली पाहिजे, तरच दुरुस्त करता येते. उपयोगी तक्रार अशी असते, समजा: ‘बिल्ड क्रमांक अमुक. बीटा टाकून सहा दिवस झाले. रात्री अकरा, पंख्याखाली, चार्जर काढलेला. कॅमेरा उघडून पाच मिनिटं व्हिडिओ घेतला; बॅटरीचं तापमान ३४ वरून ४६ वर गेलं. त्याच मॉडेलचा जुन्या आवृत्तीचा फोन शेजारी ठेवला होता, तो ३९ वर थांबला. तीनदा केलं, तिन्ही वेळा हेच.’ यात इंग्रजी भारी असण्याची गरज नाही. मोडकं इंग्रजी आणि पडद्याचं रेकॉर्डिंग पुरतं. फक्त सोबत जाणारी तांत्रिक नोंदवही ही खासगी माहितीही घेऊन जाते, वायफायची नावं, अ‍ॅपची नावं वगैरे, हे ठाऊक असू द्यावं.

तरीही इतकं करून तक्रार पोहोचेलच असं नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं त्या हंगामातलं मोठं अपडेट निघालं, क्रमांक १८०९. काही दिवसांतच लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सच्या फोल्डरांमधल्या फाइली नाहीशा होऊ लागल्या. आठवडा संपायच्या आत मायक्रोसॉफ्टला ते अपडेट मागे घ्यावं लागलं. कारण शोधल्यावर कळलं ते असं: ज्यांनी आपले हे फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसरीकडे हलवले होते, पण काही फाइली जुन्या जागी राहू दिल्या होत्या, त्यांच्या जुन्या जागेतले फोल्डर रिकामे समजून अपडेटने साफ केले. लहान सी ड्राइव्ह भरला की फोल्डर डी वर हलवायचा, हे तर आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर केलेलं असतं. कंपनीच्या म्हणण्यानुसार फाइली गेल्याच्या तक्रारी एकूण अपडेटांच्या एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्याच होत्या. ज्याचे लग्नाचे फोटो गेले त्याला या अपूर्णांकाचं काय करायचं?

पण खरी टोचणी वेगळी. इन्सायडर कार्यक्रमातल्या काही जणांनी अपडेट निघण्याच्या आधीच, बीटाच्या काळातच, फाइली गेल्याचं कळवलं होतं. तक्रारी फीडबॅक हब नावाच्या अ‍ॅपमध्ये पडून होत्या. तिथे ज्या तक्रारीला जास्त लोक दुजोरा देतील ती वर चढत असे. एखाद्या बटणाचा रंग आवडला नाही, तर हजारो लोक हो म्हणतात. फाइली पुसल्या जाणं मोजक्यांच्याच वाट्याला येतं, म्हणून ती तक्रार तळाशी. भरीस भर म्हणजे नेहमीचा शेवटचा टप्पा, प्रकाशनाआधीची थोडक्या लोकांतली फेरी, या वेळी वगळलेला होता. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. त्याआधीच फीडबॅक हबमध्ये एक नवा प्रश्न जोडला गेला होता: ही अडचण किती गंभीर आहे? इतकी साधी गोष्ट आधी कोणाला सुचली नव्हती, याचं मला आजही नवल वाटतं.

टप्पे वगळल्यावर काय होतं याचा दुसरा धडा १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक बिघडलेली फाइल सगळ्या ग्राहकांना एकदमच पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थांबले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

बीटाच्या बाजूने बोलणारी एक गोष्टही आहे, आणि ती आपल्या लिपीच्या शेजारची आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने जगभरचे आयफोन गळपटले. ‘ज्ञा’ साठीचं ते अक्षर एका विशिष्ट अदृश्य चिन्हासह मेसेजमध्ये आलं, की मेसेजचं अ‍ॅप बंद पडे. ते नोटिफिकेशनमध्ये दिसलं तर अख्खा फोन पुन्हा पुन्हा कोसळे. बातम्यांत त्याला ‘तेलुगू अक्षराची चूक’ म्हटलं गेलं. मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी त्याच आठवड्यात ती चूक उलगडून दाखवली, आणि ती एका तेलुगू अक्षरापुरती मुळीच नव्हती. बंगालीत आणि देवनागरीतही तीच घडवता येत होती: एखादं व्यंजन, हलंत, मग र, मग अक्षरं तोडणारा अदृश्य वर्ण, मग स्वरचिन्ह. क्र, प्र अशी अक्षरं आणि त्यांचं स्वरचिन्ह यांच्या मध्ये तो अदृश्य वर्ण घातला की झालं. अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला इतका अनपेक्षित क्रम मिळाला की ते गोंधळून कोसळत होतं. अ‍ॅपलने १९ फेब्रुवारीला दुरुस्ती दिली. गंमत अशी की त्या वेळी ज्यांच्या फोनवर पुढच्या आवृत्तीची, ११.३ ची, बीटा होती, त्यांना काहीच झालं नव्हतं. कच्च्या आवृत्तीवाले निर्धास्त, पक्क्या आवृत्तीवाले हैराण.

अशी अक्षरं कंपनीच्या कार्यालयात कोणी रोज टाइप करत नाही. म्हणून बीटा टाकणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाने कॅमेरा आणि बॅटरीआधी एक गोष्ट तपासावी असं मला वाटतं: आपल्या मुलखाचं नाव. ‘वऱ्हाड’ मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीला रोज लागतो, हिंदीत त्याचं कामच पडत नाही. त्यामुळे फक्त हिंदीवर तपासलेली सिस्टीम इथे अडखळू शकते. कधी नेहमीचा रफार काढते, कधी हलंत उघडा टाकते, कधी ह शेजारी एक ठिपक्यांचं वर्तुळ दाखवते. शिवाय युनिकोडमध्ये तो र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, आतून वेगळे. एका तऱ्हेने साठवलेल्या ‘वऱ्हाडे’ आडनावाच्या माणसाचा नंबर दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर संपर्कयादी सरळ ‘कोणी सापडलं नाही’ म्हणू शकते. दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहावं, शोधून पाहावं, आणि चूक कळवताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नये. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. टाइप केलेला मजकूर तसाच्या तसा चिकटवला तरच समोरच्याला आतला फरक सापडतो.